जेव्ही-१०८० की एक्सपी-६०: रॅक घ्यावा की कीबोर्ड?

रोलँडचा जेव्ही-१०८० रॅक (पट्ट्या नसलेला सिंथसायझरचा डबा) घ्यावा, की त्याच घराण्यातला एक्सपी-६० किंवा एक्सपी-८० कीबोर्ड? जुन्या बाजारात हे तिन्ही अजून फिरत असतात, त्यामुळे हा प्रश्नही अजून विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी काहींना घरच्या स्टुडिओत नव्वदच्या दशकातले ते आवाज हवे असतात, तर काहींना ते घेऊन स्टेजवर बसायचं असतं. दोघांना एकच उत्तर देणं बरोबर होणार नाही. मी दोन्ही वापरले, आधी रॅक आणि मग कीबोर्ड. आता माझ्याकडे एक्सपी-६० आहे, म्हणून माझा कल कुठे असणार हे उघड आहे.

आवाजाचा मुद्दा आधी निकालात काढू. जेव्ही-१०८० आला १९९४ मध्ये, एक्सपी-५० त्याच्या पुढच्या वर्षी, एक्सपी-८० १९९६ मध्ये आणि एक्सपी-६० १९९८ मध्ये. चौघांचं इंजिन एकाच जातकुळीचं आहे. ६४ व्हॉइस, एका पॅचमध्ये (म्हणजे साठवलेल्या एका आवाजात) चार टोन, एकाच वेळी वेगवेगळे आवाज वाजवणारे १६ पार्ट आणि एसआर-जेव्ही८० मालिकेतले चार बोर्ड, म्हणजे जादा आवाजांची कार्डं, बसवायची सोय. एक्सपी-५० ला तर पट्ट्या लावलेला जेव्ही-१०८० म्हणावं इतकं साम्य आहे. एकच बोर्ड दोन्हीकडे घालून मी ऐकलं, मला फरक सांगता आला नाही. तेव्हा 'कुणाचा आवाज चांगला' यावर वेळ घालवू नका.

रॅकची बाजू खरोखर भक्कम आहे. दोन युनिट उंचीचा डबा, टेबलाच्या कडेला कुठेही बसतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये जिथे एका खोलीत पलंग, कॉम्प्युटर आणि स्पीकर आधीच दाटीवाटीने उभे आहेत, तिथे आणखी एक ६१ किंवा ७६ पट्ट्यांचा कीबोर्ड ठेवायचा कुठे, हा प्रश्न छोटा नाही. मागच्या बाजूला सहा आउटपुट आहेत, मुख्य जोडी आणि शिवाय दोन स्वतंत्र जोड्या. तबला एकीकडे, बेस दुसरीकडे, स्ट्रिंग्ज मुख्य जोडीत, असं वेगवेगळं मिक्सरवर घेता येतं. एक्सपीवर एवढे आउटपुट नाहीत. कॉम्प्युटरवर ट्रॅक रचणाऱ्याला तर कीबोर्ड थोडा अडचणीचाच होतो. लोकल ऑफ केलं नाही, म्हणजे पट्ट्यांचा आतल्या आवाजाशी थेट संबंध तोडला नाही, तर एकेक सूर दोनदा वाजतो, आणि काही बदलायचं झालं की माउस सोडून त्याच्याकडे वळावं लागतं. रॅकमध्ये हलणारे भागही कमी. वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या वस्तूच्या बाबतीत याला मोल आहे. पट्ट्यांखालचे रबरी कॉन्टॅक्ट, फ्लॉपी ड्राइव्ह, स्लायडर, हे सगळं झिजतं. रॅकमध्ये यातलं फारसं काही नाही.

तुम्ही स्टेजवर जाणार नसाल, जवळ चांगला कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, नुसत्या पट्ट्यांचा कीबोर्ड) असेल आणि काम मुख्यतः कॉम्प्युटरवर होत असेल, तर इथेच थांबून रॅक घेतलात तरी मी त्याला चूक म्हणणार नाही.

मी कीबोर्डकडे वळलो तो डाव्या हातासाठी.

रोलँडच्या कीबोर्डवर डावीकडे बेंडर लिव्हर असतो. चाकं नाहीत, एकच दांडी. उजवीकडे सरकवली की सूर चढतो, डावीकडे सरकवली की उतरतो, आणि पुढे ढकलली की मॉड्युलेशन, म्हणजे बहुधा स्वराची थरथर, येतं. सोडली की स्प्रिंगने मध्यावर परत. आपल्याकडच्या कीबोर्ड वाजवणाऱ्यांच्या हातात हा लिव्हर इतका मुरलेला आहे की त्याच्याबद्दल कुणी वेगळं बोलतही नाही. बासरी, सारंगी, सतार किंवा शहनाई वाजवायची म्हणजे उजव्या हाताने स्वर आणि डाव्या हाताने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं. यातलं अर्धं वाजवणं लिव्हरवर होतं.

पेटीवरून सिंथकडे आलेल्या माणसाला याची किंमत जास्त कळते. पेटीला मींड नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली, आणि पेटीविरुद्धच्या आक्षेपांमध्ये हा एक मोठा आक्षेप होता: दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला घेता येत नाही. ती जागा आपल्याला या दांडीने दिली.

आता रॅक घेतला की त्याला पट्ट्या बाहेरून जोडाव्या लागतात. माझ्याकडे त्या वेळी जो कंट्रोलर होता त्याला दोन चाकं होती, बाजारातल्या बहुतेकांना असतात तशी. पिचचं चाक पुढे फिरवलं की सूर चढतो, मागे ओढलं की उतरतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पट्ट्यांवर उंच स्वर उजवीकडे असतात आणि लिव्हरवरही उजवीकडे. दोन्ही हातांना दिशा एकच कळते. चाकावर उजवा हात आडवा चालतो आणि डावा उभा. शिवाय मॉड्युलेशनचं चाक वेगळं, आणि त्याला स्प्रिंग नसते. लिव्हरवर मींड घेऊन वरच्या स्वरावर पोचलं की दांडी तशीच जराशी पुढे रेटायची, की स्वर हलका थरथरतो. एकाच हालचालीत दोन्ही. चाकांवर एक बोट एका चाकावर आणि दुसरं दुसऱ्यावर, आणि काम झाल्यावर मॉड्युलेशन आठवणीने खाली आणायचं. विसरलं तर पुढची ओळ सगळी थरथरत जाते.

यमनचं उदाहरण घेतो, म्हणजे मी नेमकं कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट होईल. पॅचची बेंड रेंज, म्हणजे लिव्हरने सूर किती सरकेल ते, वर दोन सेमीटोन (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक), खाली दोन ठेवा. यमनमध्ये सा ते रे, रे ते ग, ग ते तीव्र म, प ते ध, ध ते नी ही सगळी अंतरं दोन सेमीटोनची. म्हणजे लिव्हर शेवटपर्यंत उजवीकडे नेला की पुढचा स्वर अचूक लागतो, कानाने शोधावा लागत नाही. फक्त तीव्र म ते प आणि नी ते सां या दोन ठिकाणी अर्ध्यावर थांबायचं. आणि खालून येणारा कण हवा असेल तर लिव्हर आधीच पूर्ण डावीकडे धरून ग ची पट्टी दाबायची. ऐकू येतो रे, आणि दांडी सोडली की तो सरकत ग वर येतो. थोड्या सरावाने हे हाताला लागतं. चाकावरही करता येतं हे मान्य, करणारे उत्तम कलाकार आहेतच. माझ्या हाताला ते बसलं नाही, आणि बराच काळ प्रयत्न करूनही बसलं नाही.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण बासरीवर ती उघडी पडते. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं एकमेकांना संदेश पाठवतात त्या पद्धतीत, पिच बेंडचा संदेश १४ बिटांचा असतो, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. काही स्वस्त कंट्रोलर त्यातले वरचे सातच बिट वापरतात, म्हणजे एकूण १२८ पायऱ्या, अर्ध्या वर आणि अर्ध्या खाली. रेंज दोन असेल तर एक पायरी साधारण ३ सेंटची (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग), ती कुणाला ऐकू येत नाही. पण सा वरून थेट प पर्यंत लांब मींड हवी म्हणून रेंज सात केली, तर पायरी ११ सेंटच्या आसपास जाते. पूर्ण सप्तक हवं म्हणून बारा केली, तर जवळजवळ १९ सेंट. जेव्ही आणि एक्सपी दोन्ही वर बारा सेमीटोनपर्यंत रेंज देतात, तेव्हा हे करावंसं वाटतंच. संथ लयीत तशी मींड घेतली की सूर सरकत नाही, टप्प्याटप्प्याने चढतो. दोष रॅकचा नाही, त्याला जोडलेल्या वस्तूचा आहे. पण रॅक घेताना ती वस्तूही आपणच निवडत असतो, म्हणून तिला हिशेबात धरायलाच हवं. लहान कंट्रोलरवर चाकाऐवजी स्पर्शपट्टी असेल, तर तिच्यावर मींडीचं काम करू नका एवढंच सांगतो.

यावर जाणकार म्हणतील, मग रोलँडचाच कंट्रोलर घे ना. बरोबर आहे. ए-५०० प्रो आणि ए-८०० प्रो या दोघांना तोच लिव्हर आहे, आफ्टरटच (दाबलेली पट्टी आणखी दाबल्यावर जाणारा संदेश) आहे, आणि पाच पिनांचा मिडी आउटही आहे. आरडी मालिकेतला स्टेज पियानो असेल तर त्यावरही लिव्हर मिळतो. यातलं काही आधीच तुमच्याकडे असेल तर माझा वरचा सगळा युक्तिवाद ढिला पडतो. नसेल, तर रॅक आणि असा कंट्रोलर यांची बेरीज करून बघा. मी केली तेव्हा ती एक्सपी-६० च्या इतकी जवळ गेली की दोन वस्तू, दोन पॉवर कॉर्ड आणि मधली मिडी केबल सांभाळण्यात मला अर्थ दिसला नाही. पाच पिनांच्या आउटबद्दल मुद्दाम लिहितो, कारण हल्लीचे बरेच छोटे कंट्रोलर फक्त यूएसबीवर चालतात. ते जेव्ही-१०८० ला थेट जोडताच येत नाहीत. मध्ये कॉम्प्युटर तरी लागतो किंवा यूएसबी होस्टचा वेगळा डबा.

आफ्टरटचचं थोडक्यात. एक्सपीच्या पट्ट्या तो पाठवतात, आणि या घराण्यातल्या कितीतरी पॅचना त्याची अपेक्षा असते. स्ट्रिंग्ज किंवा ब्रास धरून दाबलं की आवाज फुलतो. कमी किमतीच्या कंट्रोलरवर तो नसतो, आणि मग तेच पॅच सपाट वाटतात. रॅकचा आवाज 'पातळ' असल्याची तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, कंट्रोलर कोणता?

स्टेजवर आणखी एक फरक पडतो. गणेशोत्सवातला कार्यक्रम, साउंडचेक जेमतेम, आणि निवेदक ऐनवेळी गाण्यांचा क्रम बदलतो. गायिका कानात सांगते, आज काळी दोन नको, काळी एक घेऊ. एक्सपी-६० आणि ८० वर पडदा समोर, मोठा आणि उजळ, बटणं हाताखाली. रॅक मात्र खाली कुठेतरी, दोन ओळींच्या डिस्प्लेचा, आणि वाकून बघावं लागतं. कंट्रोलरवरून पॅच बोलवायचा तर बँक सिलेक्टचे, म्हणजे आवाजांचा गट निवडणारे, आकडे पाठवावे लागतात. प्रीसेट ए साठी ८१ आणि ०, मग प्रोग्राम चेंज, म्हणजे त्या गटातल्या पॅचचा क्रमांक. घरी निवांत बसून हे सगळं कंट्रोलरमध्ये भरून ठेवता येतं, आणि गाण्यांचा क्रम ठरलेला असेल तर सुरळीत चालतंही. रॅकवाल्यांना एक उपाय सुचवतो. १२८ यूझर पॅचमध्ये आपले लागणारे आवाज गाण्यांच्या क्रमाने ओळीने लावून ठेवा. मी रॅक वापरत होतो तोवर असंच करत असे, आणि त्याने बराच ताण कमी होतो.

एक्सपी-८० बद्दल विचाराल तर ७६ पट्ट्यांचं सुख मोठं आहे. डावीकडे बेस, मध्ये स्ट्रिंग्ज, उजवीकडे बासरी, असं विभागलं तरी प्रत्येकाला जागा पुरते. पण तो लांब आणि जड आहे. स्वतःची गाडी आणि उचलायला सोबती असेल तर जरूर घ्या. मी रिक्षा आणि टॅक्सीने फिरतो, म्हणून ६० बरा वाटला.

घेताना काय बघायचं. जपानहून आलेला रॅक स्वस्त दिसतो, पण तो बहुधा १०० व्होल्टचा असतो. मागचा शिक्का वाचा आणि स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरा. तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका. आत कोणते बोर्ड आहेत ते विक्रेत्याच्या शब्दावर न मानता पडद्यावर उघडून बघा, विशेषतः आशियाई वाद्यांचा 'आशिया' बोर्ड असल्याचं सांगितलं असेल तर. मेमरी सांभाळणारी बॅटरी संपली की यूझर पॅच जातात, म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्याचा बॅकअप.

कीबोर्ड असेल तर प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघा, धरून आफ्टरटच तपासा, पडद्याचा प्रकाश अंधाऱ्या कोपऱ्यात बघा. मग एक लांब स्वर धरून लिव्हर दोन्ही टोकांना नेऊन सोडा, आणि सूर दर वेळी नेमका जागेवर येतो का ते तानपुऱ्याच्या ॲपसोबत ऐका. मध्यावर ढिला झालेला लिव्हर दुरुस्त होतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा. रॅक बघायला जात असाल तर आपला कंट्रोलर सोबत न्या, दुकानातल्या कंट्रोलरवर ठरवू नका. बासरीचा पॅच लावून, रेंज दोन ठेवून, त्यावर यमनची एखादी संथ ओळ वाजवा, आणि शक्य झालं तर त्याच दिवशी तीच ओळ कुठल्यातरी एक्सपीवरही.