पेस्ट कंट्रोलच्या नावाखाली आमचे 16,874 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

पेस्ट कंट्रोलवाला दारात येऊन ‘फुकट तपासणी करून देतो’ म्हणाला, तर आधी परवाना दाखव म्हणा. कीटकनाशकांचा कायदा 1968 चा आहे आणि पैसे घेऊन घरोघरी औषध मारणाऱ्याला त्याखाली परवाना लागतो. नसेल तर उंबरठ्याच्या आत घेऊ नका. हे मला आता कळलं. त्या दिवशी त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं, पाठीवर पंप होता आणि सोसायटीच्या वॉचमननेच त्याला वर पाठवलं होतं. अशा माणसावर कोण संशय घेईल?

आमचा वन बीएचके. स्वयंपाकघरात झुरळं झाली होती. ती मोठी, गटारातली नव्हेत; बारीक, तांबूस, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली. जर्मन झुरळं म्हणतात त्यांना. ‘घर घाण असेल’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं: ती पाइपाभोवतीच्या फटींतून शेजारच्या घरातून येतात, तुम्ही ओटा कितीही पुसा. सासूबाईंना दमा आहे आणि झुरळांमुळे दमा बळावतो, म्हणून मला घाई होती. या लोकांना समोरच्याची घाई बरोबर कळते.

झुरळांचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट 4,500 रुपयांना ठरलं. मग ‘सहज बघतो’ म्हणत तो बेडरूममध्ये शिरला, कपाटामागे हात घातला आणि मूठभर भुसा बाहेर काढला. ‘मॅडम, वाळवी लागलीय. दोन महिन्यांत कपाट हातात येईल.’ वाळवीचे 9,800. त्यावर 18 टक्के जीएसटी, 2,574. एकूण 16,874. दहा हजार मोबाइलवरून दिले, 6,874 रोख. मोबाइलवर नाव कंपनीचं नाही, भलत्याच माणसाचं आलं, तर म्हणाला ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’.

पण मला रात्र रात्र जागं ठेवतो तो भुसा. मी तो बोटांत घेऊन पाहिला होता. कोरडा, करकरीत, लाकूड ड्रिल केल्यावर पडतो तसा. वाळवी असा भुसा पाडत नाही. ती मातीच्या नळ्या बांधत येते, भिंतीवर चौकटीलगत मातीची रेघ दिसते, फोडली तर आत पांढरट किडे असतात. आमच्या भिंतीवर एक रेघ नव्हती. कपाटाला भोक नव्हतं. आणि कपाटामागची फरशी मी आदल्याच दिवशी पुसली होती! म्हणजे भुसा त्याच्याच मुठीत होता. माझ्या बोटांना तो लागला, मी बघितला, आणि तरी ‘हो’ म्हणाले. नवं कपाट, चालू हप्ते आणि समोर माणूस सांगतोय की ते पोखरलं जातंय. दुसरं कोणी असतं तरी हेच केलं असतं, हे मी ठामपणे सांगते.

पुढचं काम तर आणखी संतापजनक. कपाटांच्या बिजागऱ्यांशी, सिंकखाली जेलचे थेंब लावले आणि लगेच त्याच कप्प्यांत पंपाने फवारलं. जेल म्हणजे आमिष. झुरळाने ते खायचं, आपल्या जागी जाऊन मरायचं, बाकीच्यांनी त्याची विष्ठा आणि मढं खाऊन मरायचं. फवारलेल्या जेलकडे झुरळ फिरकतच नाही. शिवाय झुरळाच्या अंड्यांच्या एका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात आणि फवारा तिच्या कवचाच्या आत पोचत नाही. थोड्याच दिवसांत इवली इवली पिल्लं डब्यांमागे पळू लागली. वाळवीसाठी भिंतीलगत भोकं पाडून पाण्याच्या बाटलीतून काहीतरी ओतलं. वास नव्हता. वाळवीची काही चांगली औषधंही बिनवासाची असतात, त्यामुळे वासावरून काही ठरत नाही. लेबल बघा. औषध सीलबंद मूळ डब्यातूनच तुमच्यासमोर काढायला लावा. त्यावर नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा सांगणारा तिरका चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत.

दुसऱ्या सर्व्हिससाठी फोन केला, तर नंबर बंद.

पोलीस चौकीत म्हणाले, ‘काम तर केलंय ना त्याने? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.’ मी बिल दाखवलं. त्यावरचा जीएसटी नंबर चौदा अक्षरांचा होता, खरा पंधरा अक्षरांचा असतो. साहेबांनी बिलाकडे बघितलंसुद्धा नाही. वॉर्ड ऑफिसात ‘आम्ही फक्त डासांचं बघतो’. परवाना कृषी खात्याकडून मिळतो म्हणून तिथे गेले, तर टेबलावरचा माणूस विचारतो, ‘तुमचं शेत कुठे?’ बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. सेक्रेटरींनी वर मलाच ऐकवलं, सोसायटीला न विचारता बाहेरचा माणूस का घेतलात! गेटवर त्याला अडवणं कोणाचं काम होतं? प्रत्येक जण पुढचं दार दाखवतो, आणि तेवढ्यात तो माणूस चार घरं आणखी लुटतो.

मोबाइलवरून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, उशीर झाला की पैसे पुढे सरकलेले असतात. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मी जातेय. रोख देऊ नका. भिंतीतल्या पाइपांभोवतीच्या फटी बुजवा, गळका नळ दुरुस्त करा, खोके साठवू नका. झुरळं आहेत का ते कळायला चिकट सापळे पुरतात, फुकट तपासणीची गरज नाही. आणि कोणी बंद घरात गोळ्या ठेवून ‘गॅस’ करतो म्हणाला, तर सरळ बाहेर काढा: ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या वायूने माणसं मेली आहेत, शेजारच्या फ्लॅटमधलीसुद्धा.

आणि वॉचमनच्या रजिस्टरमधल्या त्याच्या नोंदीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. आमचं रजिस्टर भरलं म्हणून रद्दीत गेलं आणि तो आमच्या गेटमधून आत आला होता हे दाखवणारा कागद माझ्याकडे उरला नाही.