कॉम्बॅट, लिम्मा की एसव्हीए? क्लस्टरिंगआधी ठरवा

वेगवेगळ्या वेळी किंवा वेगळ्या किटने तपासलेल्या नमुन्यांच्या तुकडीला बॅच म्हणतात. बॅचमुळे पडणारा तांत्रिक फरक हाताळायच्या या तीन पद्धती; क्लस्टरिंग म्हणजे सारख्या नमुन्यांचे गट पाडणं. समजा, काटोलच्या बागांतली संत्र्याची पानं नागपूरच्या लॅबमध्ये मे महिन्यात आली आणि कळमेश्वरची दिवाळीनंतर. आरएनए-सिक (कुठलं जीन किती सक्रिय आहे ते मोजणं) झालं, पीसीए (सारखे नमुने जवळजवळ दाखवणारा आलेख) काढला, तर दोन स्वच्छ पुंजके! ते जागेमुळे पडले, ऋतूमुळे, बदललेल्या किटमुळे, की आइसबॉक्समधला बर्फ वितळून आरएनए खराब झाल्यामुळे? हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही, कारण सगळं एकात एक अडकलंय. अशा डेटावर खालचं काहीच चालवू नका.

प्रत्येक बॅचमध्ये दोन्हीकडचे नमुने असतील, तरच निवडीला अर्थ आहे.

लिम्मा या सॉफ्टवेअर पॅकेजचं रिमूव्ह-बॅच-इफेक्ट हे फंक्शन लॉग घेतलेल्या आकड्यांतून बॅचचा वाटा वजा करतं, बस्स. पीसीए, हीटमॅप, क्लस्टरिंगला तेवढं बहुतेकदा पुरतं, आणि काय केलं ते गाइडना दोन वाक्यांत सांगता येतं. मी आधी हेच चालवीन. मात्र जीन्समधला फरक तपासताना हा वजा केलेला डेटा वापरू नका; तिथे कच्चे काउंट्सच (प्रत्येक जीनचे मोजलेले तुकडे) द्या आणि बॅच मॉडेलमध्ये घाला.

2007 चं कॉम्बॅट सरासरीसोबत आकड्यांचा पसाराही जुळवतं. एका जीनचा अंदाज बाकीच्या जीन्सच्या आधाराने सावरत असल्याने बॅच लहान असली तरी निभावतं. कच्च्या काउंट्ससाठी 2020 चं कॉम्बॅट-सिक आहे. पण गटांची नावं (इथे काटोल, कळमेश्वर) कॉम्बॅटला दिलीत आणि बॅचेस असमतोल असल्या, तर गटांतला फरक फुगतो. मग क्लस्टरिंगने तेच गट 'शोधले' म्हणण्यात काय हशील? नावं न द्यावीत, तर असमतोल बॅचसोबत खरा फरकही थोडा धुऊन जातो.

बॅच माहीत नसली की एसव्हीएचा, म्हणजे लपलेले फरक डेटातूनच अंदाजून काढणाऱ्या पद्धतीचा, मोह होतो. क्लस्टरिंगसाठी मी तो टाळीन. तुम्हाला ठाऊक नसलेला खरा उपगट त्याला 'लपलेला गोंधळ' वाटू शकतो.

त्यापेक्षा बॅच हुडका. 2014 मध्ये माणूस आणि उंदराचे ऊतक-नमुने प्रजातीनुसार गोळा झाल्याचा निष्कर्ष आला होता. 2015 मध्ये गिलाड आणि मिझराही-मान यांनी फास्टक्यू फाइलींतल्या (सिक्वेन्सिंग मशीनच्या कच्च्या फाइलींतल्या) रीडच्या, म्हणजे वाचलेल्या प्रत्येक तुकड्याच्या, शीर्षओळी वाचून सिक्वेन्सिंगच्या बॅचेस जुळवल्या. बहुतेकींत एकच प्रजाती निघाली. कॉम्बॅटनंतर नमुने ऊतकांनुसार बसले, पण इतक्या गुंतलेल्या डेटात तेही चित्र शंकेपलीकडचं नाही.

इल्युमिना कंपनीच्या सिक्वेन्सिंग मशीनच्या त्या शीर्षओळीत मशीन, रन, फ्लोसेल (नमुने ज्यावर वाचले जातात ती काचपट्टी), तिच्यातली लेन सगळं असतं. सार्वजनिक साठ्यातून उतरवलेल्या फाइलीत ती कधीकधी बदललेली असते. तेव्हा मूळ फाइल मागवा.