ऊसतोड सोडून आलात, आता शिकायचं काय? आयटीआय वायरमन की तीन महिन्यांचा एसी कोर्स

गावाकडची पोरं फोन करून हेच विचारत असतात म्हणून एकदा लिहूनच टाकतो. मी बीडकडचा, आईबाप दोघं कोयत्यावर, मी पण बारका असल्यापासून टोळीबरोबर कारखान्यावर जायचो. नंतर नवी मुंबईत रबाळ्याला खोली घेतली. एसी बसवण्या-दुरुस्तीच्या तीन महिन्यांच्या फुकटच्या कोर्सला काही दिवस बसलो आणि मग ते सोडून वायरमन ट्रेडला आयटीआय केलं. चुलतभावाने एसीचा कोर्स पूर्ण केला आणि तो त्याच लाईनला आहे, म्हणून त्या बाजूचं जे लिहितोय ते बरंचसं त्याच्याकडून ऐकलेलं. फी, कागदपत्रं वगैरे तुम्हाला माहितीच असेल, ते सोडून देऊ.

शिक्षणाचं आधी बघा. दिवाळीच्या आसपास टोळी निघाली की शाळा सुटते, त्यामुळे आपल्यातले निम्मे दहावीच्या आधीच थांबलेले असतात. इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी लागते पण वायरमन आणि वेल्डरला आठवी पास चालते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ते आयटीआय आपल्यासाठी नाही म्हणून गेटवरूनच परत येतात. वेल्डर तर एका वर्षात होतो. वायरमनला दोन वर्षं जातात.

आणि दोन वर्षं हाच खरा अडसर आहे, मान्य. घरावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असतील तर दोन वर्षं कोण थांबणार? तीन महिन्यांचा कोर्स इथे सरळ जिंकतो. माझं असं झालं की मला आयटीआयला दुपारची शिफ्ट मिळाली, मग पहाटे वाशीच्या भाजी मार्केटला एका गाळ्यावर माल निवडायचं काम करायचो आणि तिथून ट्रान्स हार्बर पकडून ठाणे, पुढे बसने वागळे इस्टेट. झोपेचं खोबरं झालं पण भाडं निघायचं. सगळ्यांना अशी शिफ्ट मिळेलच असं नाही, आणि बायकापोरं असतील तर मी जबरदस्ती करणार नाही.

आता ज्याच्यामुळे मी एसी कोर्समधून उठलो ते सांगतो, ऐकून हसाल. अंगठा. त्या कोर्सला हजेरी आधारच्या मशीनवर, सकाळी आल्यावर एकदा आणि जाताना एकदा, आणि माझा अंगठा मशीन घ्यायचीच नाही. वर्षानुवर्षं कोयता धरलेला, पाचटाने हात चिरलेले, बोटावर ठसा राहिलेलाच नाही. मशीनवाला म्हणायचा पुसून दाब, ओला करून दाब, दुसरं बोट लाव, मागे लाईन लागलेली, पोरं वैतागलेली, आणि तिकडे सर गॅस चार्जिंगचं प्रॅक्टिकल सुरू करून मोकळे. आत जाईपर्यंत अर्धं निघून गेलेलं असायचं. वर्गात दिवसभर बसूनही कागदावर मी गैरहजर, आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. तक्रार केली तर म्हणे आधार अपडेट करून या. करून आलो, तरी तेच. ज्या मजुरीतून बाहेर पडायला आलोय तिच्याच खुणा बघून मशीन आत घेत नाही, हे काही डोक्यातून जाईना. आता बऱ्याच ठिकाणी चेहरा दाखवून हजेरी लागते म्हणतात, म्हणजे तुम्हाला कदाचित हा त्रास होणारही नाही. पण नाव घालायच्या आधी सेंटरवर जाऊन हजेरी कशी घेतात ते विचारा, आणि शक्य असेल तर अंगठा लावूनच बघा. आयटीआयला माझ्या वेळी निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, नाव पुकारायचे आणि हजेरीपटावर मांडायचे. तिथे पण 80 टक्के हजेरी लागतेच, सूट नाही, पण निदान समोर बसलेला माणूस त्यांना दिसत होता.

कामाचं म्हणाल तर एसीला मार्च ते मे मरणाचं काम. भाऊ त्या महिन्यांत माझ्यापेक्षा जास्त कमावतो, खोटं कशाला बोलू. पाऊस लागला की फोन बंद. परत सीझनवर जगणं आलं, फक्त कारखान्याच्या ऐवजी उन्हाळा. वर टॉवरच्या बाहेर लोंबकळून आउटडोअर युनिट बसवायचं, ते सेंटरवर कुणी शिकवत नाही. व्हॅक्यूम पंप, गेज, पाइप जोडायची टॉर्च असली हत्यारं स्वतःची घ्यायची तर पैसा लागतो, आणि नव्या एसीत येणारा आर 32 गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे घाईघाईत शिकलेल्या हाताने ते काम करणं मला तरी पटत नाही. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात जे डेटा सेंटर झालेत तिथे कूलिंगचं काम बारा महिने असतं हे खरंय, पण भाऊ तिथे गेला तर पहिला प्रश्न आयटीआय केलंय का.

वायरमनला सुरुवातीला पक्कड, टेस्टर, मीटर एवढ्यात भागतं. सर्टिफिकेट हातात आलं की वर्षभराची अप्रेंटिसशिप करता येते, 1961 च्या कायद्यात ती आहे आणि त्यात स्टायपेंड मिळतो, थोडाच, पण मिळतो. वायरमनचं परमिट, म्हणजे वायरिंग करायचा परवाना, काढायलाही ते सर्टिफिकेट उपयोगी पडतं. महावितरणच्या विद्युत सहायकच्या भरतीत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं आयटीआय मागतात, सोबत दहावीही, म्हणून आठवीवर आलेल्यांनी मधल्या काळात सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायचा, भरून दहावी काढून घ्यावी. मी तसंच केलं. मी महावितरणला नाही, टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीतल्या, एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, पण फॉर्म भरत असतो.

म्हणजे घरात तीन-चार महिन्यांत पैसा लागणारच असेल तर एसी कोर्स करा, वाईट काही नाही, भाऊ जगतोय की त्याच्यावर. पण कुणी दोन वर्षं तुमचं भाडं ओढायला तयार असेल, किंवा पहाटेचं एखादं काम हाताशी असेल, तर मी तरी आयटीआयच सांगेन. ॲडमिशनचे फॉर्म दहावीच्या निकालानंतर ऑनलाईन निघतात. पर्याय भरताना पहिला वायरमन टाका, दुसरा वेल्डर, आणि शिफ्टचं आयटीआयच्या ऑफिसात आधीच विचारून ठेवा. भाऊ पण यंदा फॉर्म भरतोय.