टेली-मानस १४४१६: नशा करणारं पोर स्वतःला इजा करतंय तेव्हा हा नंबर कितपत कामाचा?

आधी नंबरांचा घोळ मिटवू. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे फोनवरून मिळणाऱ्या मानसिक आरोग्य मदतीचा, आरोग्य मंत्रालयाचा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा, सामाजिक न्याय मंत्रालयाचा. फरक फक्त चौथ्या आकड्याचा, आणि घाबरलेल्या आईच्या हातून तो चुकणारच. दोन्ही नंबर ठळक अक्षरांत लिहून आजच फ्रिजवर चिकटवा. पोराच्या बोलण्यात मरणाची भाषा असेल किंवा अंगावर जुने व्रण दिसत असतील, तर आधी १४४१६ लावा. जखम ताजी असेल, पोटात काही गेलं असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर फोनवर बोलत बसू नका, थेट १०८.

टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था त्यामागची मुख्य संस्था. सेवा चोवीस तास आणि मोफत आहे. वीस भाषांत मराठीही आहे, फोन लागला की आधी भाषा निवडायची. सुरुवातीला प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि प्रकरण गंभीर वाटलं तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मानसोपचारतज्ज्ञ गाठायला जिल्ह्याचं गाव गाठावं लागतं अशा तालुक्यात, रात्री दोन वाजता मराठीत बोलणारं जाणकार माणूस मिळणं ही फार मोठी सोय आहे. त्यासाठी या सेवेला आमची मनापासून शिफारस आहे.

उणीव आहे ती फोनचीच: त्याला दिसत नाही. ऐन मे महिन्यात पोरगं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलंय, हे समुपदेशकाला कसं कळणार? मुलं ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगतात आणि गांजा किंवा एमडीचं (मेफेड्रोनचं) नाव काढत नाहीत. व्यसनाच्या नंबरावर उलटं होतं, नशेबद्दल सगळं बोलतात आणि व्रण झाकून ठेवतात. दोन खात्यांनी दोन नंबर केले, पण पोरगं तर एकच आहे. म्हणून पहिल्याच मिनिटात दोन्ही गोष्टी सांगून टाका: काय घेतो, किती घेतो, शेवटचं कधी घेतलं, आधी कधी इजा करून घेतली होती का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आत्ता घरात जवळ कोण आहे.

यातलं ‘आधी कधी’ सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वी स्वतःला इजा केलेली असणं ही धोक्याची सर्वांत ठळक खूण आहे. सोबत नैराश्य, लहानपणचा मार किंवा लैंगिक अत्याचार, एकाच वेळी दोन-तीन प्रकारची नशा, घरात कुणी आत्महत्या केलेली असणं, यांतलं काही असेल तर धोका आणखी वाढतो.

सगळ्या वेळा मात्र सारख्या नसतात. दारू चढलेली असताना मनाचा ब्रेक सैल होतो, त्यात घरी भांडण झालं की क्षणात काहीही घडू शकतं. एमडी उतरल्यावर पुढचे दोन-तीन दिवस मन खोल जातं. गर्द म्हणजे ब्राउन शुगर घेणारे ज्याला ‘टर्की’ म्हणतात, नशा तुटल्यावरच्या त्या बिनझोपेच्या रात्रींत पोराला एकटं सोडू नये. आणि घरचे निर्धास्त होतात नेमके तेव्हा, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे, फार जपावे लागतात. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे गर्दचा जुनाच डोस आता जिवावर बेतू शकतो. शिवाय पाय घसरला की ‘सगळ्यांना पुन्हा फसवलं’ ही शरम पोराला आतून खाते. त्या वेळी टोमणे मारू नका.

रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली एकदम हिसकावू नका. काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊ शकतो. दारू सोडवणं दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होऊ द्या. हे काम फोनवर होत नाही. घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधं मात्र आजच कुलपात टाका आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा.

‘मरावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी भीती अनेक पालकांना वाटते. तसं होत नाही, सरळ विचारा. पोलिसांच्या धाकानेही फोन टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिच्यावर उपचारांची जबाबदारी सरकारची आहे.

फोन ठेवण्याआधी समुपदेशकांना तीन गोष्टी विचारा: पुढचा फोन कधी, तो करणार कोण, आणि जवळच्या कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी जायचं. उत्तरं तिथल्या तिथे कागदावर उतरवा, रात्रीच्या गडबडीत सकाळपर्यंत वार लक्षात राहत नाही.