अ‍ॅक्सेस टू मार्केट्स : सेंद्रिय उत्पादकाच्या नजरेतून

युरोपियन युनियनमध्ये माल पाठवू पाहणाऱ्या सेंद्रिय उत्पादकाने सल्लागाराची फी भरण्याआधी युरोपीय आयोगाचे 'अ‍ॅक्सेस टू मार्केट्स' हे विनामूल्य संकेतस्थळ एकदा नीट चाळावे. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मालाचा एचएस कोड (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक), मूळ देश आणि आयात करणारा देश निवडला की आयात शुल्क, तिथले अंतर्गत कर, आवश्यक कागदपत्रे आणि उत्पत्तीचे नियम (माल कोणत्या देशाचा मानायचा, हे ठरवणारे) एकाच ठिकाणी वाचायला मिळतात. मांडणी रुक्ष असली तरी माहिती नेमकी आहे.

सेंद्रिय मालाला मागणी किती, या प्रश्नावर मात्र हे संकेतस्थळ फारसे उपयोगी पडत नाही, आणि त्याचे मूळ कोडच्या रचनेत आहे. तिळाचा कोड १२०७४०. युनियनच्या आठ अंकी वर्गीकरणात पेरणीचे तीळ आणि इतर तीळ वेगळे केलेले आहेत. सेंद्रिय आणि बिगर-सेंद्रिय तीळ मात्र एकाच आकड्यात जमा होतात. इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या 'ट्रेड मॅप' या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावरही सहा अंकी कोडपुरती हीच अडचण येते, त्यामुळे तिथला चढता आलेख दाखवून कोणी सेंद्रिय मागणी वाढल्याचे सांगू लागला, तर आकडा कोणत्या कोडचा आहे, हे आधी विचारावे. त्यापेक्षा 'ट्रेसेस' या, आयात खेपांची प्रमाणपत्रे नोंदवणाऱ्या युनियनच्या ऑनलाइन प्रणालीतील नोंदींवर आधारलेला, आयोगाचाच सेंद्रिय आयातीचा वार्षिक अहवाल अधिक भरवशाचा आहे.

या संकेतस्थळाची खरी किंमत अटींच्या विभागात कळते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या २०१८/८४८ या युनियनच्या सेंद्रिय नियमाने लहान शेतकऱ्यांच्या गटांना सामूहिक प्रमाणीकरणाची वाट ठेवली आहे. पण गटाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व हवे आणि सभासद २००० पेक्षा जास्त नकोत. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा रूपांतरकाळ (सेंद्रिय पद्धतीने शेती करूनही माल सेंद्रिय म्हणून विकता न येणारा काळ) धरावा लागतो, म्हणजे आज दिसणारी संधी प्रत्यक्षात त्यानंतरच्या हंगामाची असते. प्रत्येक खेपेचे तपासणी प्रमाणपत्र माल मूळ देशातून निघण्यापूर्वीच 'ट्रेसेस'मध्ये निघालेले असावे लागते. हा क्रम चुकला, तर उत्तम मालही सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. शिवाय सेंद्रिय प्रमाणपत्र म्हणजे मालात उरलेल्या रसायनांच्या अवशेष-तपासणीतून सुटका नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये तिळात इथिलीन ऑक्साइड सापडू लागल्यानंतर बाजारातून परत मागवलेल्या मालात सेंद्रिय उत्पादनेही होती. हा रासायनिक वायू शेतात फवारला जात नाही, काढणीनंतरच्या निर्जंतुकीकरणात वापरला जातो. म्हणून गोदाम आणि प्रक्रिया-केंद्र यांवरही शेताइतकीच नजर ठेवावी लागते.

सर्वांत मोठी उणीव खरेदीदारांच्या खासगी अटींबाबत आहे. कायद्याला पुरेसे असलेले प्रमाणपत्र ग्राहकाला पुरेसे असेलच असे नाही. काही खरेदीदार नाटुरलँड किंवा डेमेटर या खासगी सेंद्रिय संस्थांचे मानांकनही मागतात, आणि नाटुरलँडला शेताचा एखादा तुकडा चालत नाही, पूर्ण शेतच सेंद्रिय करावे लागते. कायदेशीर अटी वाचून खर्चाचा अंदाज बांधणाऱ्याचे गणित इथेच बिघडते. या बाबतीत नेदरलँड्सच्या 'सीबीआय' या सरकारी संस्थेचे विनामूल्य बाजार-अहवाल जास्त व्यवहारी वाटतात, कारण ते विकसनशील देशांतील निर्यातदारांना समोर ठेवूनच लिहिलेले असतात.

थोडक्यात, शुल्क आणि कागदपत्रांसाठी हे संकेतस्थळ पुरेसे आहे. खरेदीदार शोधायचा असेल, तर जर्मनीत न्यूरेंबर्गला दरवर्षी भरणाऱ्या 'बायोफाख' या सेंद्रिय मालाच्या प्रदर्शनाची प्रदर्शक-यादी घेऊन बसावे आणि पहिल्याच पत्रात आपल्याकडे कोणते प्रमाणपत्र आहे व त्यांना कोणते लागते, हे स्पष्ट करून घ्यावे.