पंधरा हजार डॉलरचा अंधार, हेडफोन लावून

दिवसभर दुसऱ्यांचे श्वास कापणं हे माझं काम. बोलक्या पुस्तकांचं ध्वनिसंकलन करते मी. वाचणाऱ्याचे ओठ सुटताना चट्‌ झालं, खुर्ची करकरली, पोटात गुरगुरलं, की तेवढा तुकडा कापायचा आणि त्या जागी त्याच खोलीची शांतता चिकटवायची. हो, शांतताही रेकॉर्ड करावी लागते. वाचन सुरू होण्याआधी तीस सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं आणि माइक चालू ठेवायचा. याला आम्ही रूम टोन म्हणतो. तो न चिकटवता नुसतंच कापलं तर ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. काय चुकलं ते त्याला सांगता येत नाही, पण मनात पाल चुकचुकतेच.

ही पाल चुकचुकवणं हाच ज्यांचा धंदा आहे, ते कमी पैशांत केलेले भयपट मी रात्री काम आटोपलं की बघते. त्याच हेडफोनवर. एखादा आवडला तर दुसऱ्या दिवशी उजेडात आवाज पूर्ण बंद करून पुन्हा बघते. घरच्यांना हा चक्रमपणा वाटतो, पण सिनेमाने पैसे कुठे वाचवले आणि कुठे अक्कल खर्च केली हे असंच कळतं. शिवाय ही युक्ती माझी एकटीची नाही. १९७८ च्या ‘हॅलोविन’चा दिग्दर्शक जॉन कार्पेंटर याने सांगून ठेवलंय की, संगीत आणि आवाज घालण्याआधीची प्रत त्याने एका मोठ्या स्टुडिओच्या बाईंना दाखवली आणि त्यांना काडीचीही भीती वाटली नाही. मग त्याने स्वतःच संगीत केलं. ती पाच मात्रांची पियानोची धून आज सिनेमा न बघितलेल्यांनाही ओळखू येते.

सध्या दोन घरं डोक्यात आहेत. दोन्ही सिनेमांचा खर्च पंधरा हजार डॉलर, एकाचा अमेरिकी आणि दुसऱ्याचा कॅनडाचा. एकाच्या दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात चित्रीकरण केलं, दुसऱ्याने जिथे लहानाचा मोठा झाला त्या आईवडिलांच्या घरात.

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ बहुतेकांनी पाहिलेला असतो, निदान टिंगल करण्यापुरता तरी. ओरेन पेली हा व्हिडिओ गेमचा प्रोग्रॅमर. सॅन डिएगोतल्या आपल्या घरात त्याने सात दिवसांत हा सिनेमा उरकला. २००७ मध्ये तो महोत्सवात दिसला, २००९ मध्ये मोठ्या कंपनीने प्रदर्शित केला आणि जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला. या आकड्याचं कौतुक पुरे झालं. मला कौतुक आहे ते तिवईचं. रात्री जोडपं झोपतं, कॅमेरा तिवईवर, डावीकडे उघडं दार, दारापलीकडे काळोखा बोळ. कॅमेरा हलवायला माणूसच नाही, त्यामुळे कॅमेरा हलत नाही. आणि तो हलत नाही म्हणून आपले डोळे फ्रेमभर भटकतात: दार हललं का, चादर हलली का, तो कोपरा मघाशी इतका काळा होता का?

आता कानाचं. काही घडायच्या आधी एक खालच्या पट्टीतला घुमारा सुरू होतो. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर तो जवळजवळ ऐकूच येत नाही. हेडफोनवर तो कानापेक्षा जबड्यात जाणवतो. पहिल्यांदा चांगलंच घाबरायला झालं. तिसऱ्या रात्रीपर्यंत मात्र मला गणित कळलं: घुमारा आला की घटना आली. तिथून पुढे भुतापेक्षा तो घुमाराच इमानदार वाटायला लागला, वेळ पाळणारा. आवाज बंद करून बघितला तेव्हा गंमत झाली. सिनेमा जास्त चांगला वाटला! नायिका मध्यरात्री उठून पलंगाशेजारी उभी राहते, आणि कोपऱ्यातलं घड्याळ भरभर पळायला लागतं. ती तशीच उभी आहे. तासन्‌तास. याला आवाजाची गरजच नाही. माझा निकाल: रात्रीचे प्रसंग अप्रतिम, दिवसाची भांडणं कंटाळवाणी. तो नायक घरातून आधी बाहेर काढावासा वाटतो, भुताचं नंतर बघू.

दुसरं घर ‘स्किनमरिंक’चं. काइल एडवर्ड बॉलचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, एडमंटनमध्ये केलेला. २०२२ मध्ये महोत्सवांत फिरत असतानाच तो इंटरनेटवर फुटला, छोट्या व्हिडिओंतून त्याची कुजबुज पसरली आणि जानेवारी २०२३ मध्ये थिएटरात आला. कथा चार ओळींची आहे. साल १९९५. चार वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची त्याची बहीण रात्री उठतात, तर वडील घरात नाहीत. मग खिडक्या नाहीशा होतात. मग दारं. मुलं दिवाणखान्यात टीव्हीसमोर येऊन बसतात, जुनी कार्टून्स चालू राहतात.

आपल्याला दिसतं काय? छताचा कोपरा. दाराची चौकट. गालिचावर सांडलेले लेगोचे ठोकळे. मुलांचे चेहरे जवळजवळ नाहीतच, फार तर पावलं. चित्रभर जाड दाणे, जुन्या फिल्मसारखे. प्रत्यक्षात चित्रीकरण डिजिटल कॅमेऱ्याने केलेलं आहे आणि दाणे नंतर घातलेले आहेत. काही लोक याला फसवणूक म्हणतात. मी म्हणत नाही, कारण दाण्यांचं काम पडद्यावर नाही, ते आपल्या डोक्यात चालतं. अंधारात दाणे वळवळायला लागले की डोळा त्यात तोंड शोधतो. मला एका दारात दोनदा माणूस दिसला. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग थांबवून पाहिला. कोणी नव्हतं.

आणि आवाज! मी आयुष्यभर जी खरखर पुसत आले, ती इथे साय धरल्यासारखी सगळ्यावर पसरलेली आहे. पहिली दहा मिनिटं माझे हात शिवशिवत होते. ती खरखर आहे म्हणूनच मुलांची कुजबुज तिच्यातून अर्धीमुर्धी येते, काही वाक्यांना तर पडद्यावर अक्षरं द्यावी लागतात. मग आपण कानोसा घ्यायला लागतो. कानोसा घेणारा माणूस घाबरवायला सर्वांत सोपा, कारण तो स्वतःहून पुढे झुकलेला असतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत पलंगाखाली बघायला सांगणारा तो आवाज येतो, तेव्हा मी खरोखर श्वास रोखला होता. नेमका त्याच वेळी आमच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडला. तो चालू होता हेच मला माहीत नव्हतं. हेडफोनच्या आडूनही घरातला एक थर गेल्यासारखं झालं आणि काळीज लक्कन हललं. सिनेमा थांबवून दिवा लावला. तारांकित समीक्षा हवी असेल तर हीच घ्या.

पण शंभर मिनिटं? नाही. सत्तर मिनिटांत हा सिनेमा काळजात घुसला असता. मधली वीस-पंचवीस मिनिटं छताकडे बघण्यात जातात आणि भीती उतरून झोप चढते. दुसरी तक्रार जास्त मोठी आहे. खेळण्यातल्या टेलिफोनचा एक प्रसंग आहे, तिथे एकदम कानठळ्या बसतात. एवढी नाजूक वीण घालायची आणि मग कानाखाली वाजवायची, याला काय म्हणावं? हेडफोन लावणाऱ्यांनी आवाज नेहमीपेक्षा दोन घरं खाली ठेवावा. आवाज बंद करून बघायची परीक्षा तर हा सिनेमा सपशेल नापास झाला. उरतात त्या निळसर-तपकिरी मुंग्या. मला हा त्याचा दोष वाटत नाही. हा ऐकायचाच सिनेमा आहे, चित्र त्याला सोबत म्हणून दिलंय.

इथे एक रडगाणं गाऊनच घेते. इंटरनेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या ज्या सेवेवर मी ‘स्किनमरिंक’ पहिल्यांदा पाहिला, तिथे अंधाराची पार वाट लागली होती. चित्र दाबून पाठवतात, त्यामुळे काळ्याच्या छटा एकमेकींत मिसळून चौकोनी ठिगळं दिसायला लागतात. ज्या सिनेमात काळा रंगच नट आहे, त्यात नटाच्या तोंडावर ठिगळं. शिवाय बहिऱ्यांसाठीच्या उपशीर्षकांत आवाजाची वर्णनं येतात ती आवाजाच्या दोन सेकंद आधी. ‘दार करकरते’ असं वाचून आपण वाट बघत बसतो, मग दार करकरतं. ही वर्णनं हवीतच, माझ्या एका मित्राचं त्यांच्याशिवाय चालत नाही. पण वेळ तरी जुळवा!

‘कोहिअरन्स’ (२०१३) हा भयपटापेक्षा थरारपट आहे, पण त्याच कुळातला. पुन्हा दिग्दर्शकाचंच घर. जेम्स वॉर्ड बर्किटने आपल्या दिवाणखान्यात आठ नट जमवले, पाच रात्री चित्रीकरण केलं, खर्च पन्नास हजार डॉलर. नटांना संहिता दिली नव्हती. रोज प्रत्येकाला त्याच्यापुरत्या चिठ्ठ्या मिळायच्या, दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे ते ठाऊक नसायचं. आकाशातून धूमकेतू जातोय, वीज जाते, आणि लांबवर एकाच घरात दिवे दिसतात. ते घर कुणाचं, हे सांगत नाही. माझ्या कानाला यातली गर्दी आवडली. लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, वाक्यं अर्धवट टाकतात, ‘काय?’ असं खरंच न कळल्यासारखं विचारतात, कारण खरंच कळलेलं नसतं. घोकलेल्या वाक्यात असा ‘काय?’ येत नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. कॅमेरा मात्र उगाच थरथरतो.

‘वन कट ऑफ द डेड’बद्दल मला माफी मागायची आहे. जपानी सिनेमा, २०१७ चा, शिनइचिरो उएदाचा, खर्च तीस लाख येन. सुरुवातीला छोट्या थिएटरात सहा दिवस चालला आणि पुढच्या वर्षी त्याने खर्चाच्या हजारपट कमाई केली. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट. मी बाराव्या मिनिटाला बंद करणार होते. नट मध्येच अडखळतात, विनाकारण गप्प बसतात, एकमेकांकडे बघत राहतात, कुणीतरी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतं. संकलक म्हणून माझं बोट सारखं कापायच्या बटणावर. ‘ही शांतता कशाला ठेवलीय? काढा ना!’ असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. सिनेमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्या प्रत्येक शांततेचा हिशेब मिळतो. एकेक अडखळा कुठून आला ते कळतं, आणि मी हसून हसून बेजार, वर लाजेने अर्धमेली. याहून जास्त सांगितलं तर पाप लागेल. भीती वाटत नाही, मात्र पैसे नसताना सिनेमा करणाऱ्यांचे घामाघूम चेहरे इतके प्रेमाने दुसरीकडे कुठे पाहिल्याचं मला आठवत नाही. सदतीस मिनिटं दात-ओठ खाऊन काढा.

राहता राहिला ‘होस्ट’, आणि एकच बघणार असाल तर हा बघा. २०२० च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेजने केलेला. मैत्रिणी आणि एक मित्र व्हिडिओ कॉलवर जमतात, एका मांत्रिक बाईला कॉलवर घेतात आणि गंमत म्हणून आत्म्याला बोलावतात. दिग्दर्शक नटांच्या घरी जाऊ शकत नव्हता. नटांनीच आपापले कॅमेरे लावले, दिवे लावले, वस्तू पाडायच्या खटपटीही बऱ्याचशा स्वतः केल्या. कल्पनेपासून प्रदर्शनापर्यंत साधारण बारा आठवडे. लांबी तासाच्याही आत. बघा, जमतं की!

एकीने पार्श्वभूमीला स्वतःचाच व्हिडिओ लावलेला असतो, ती खोलीत येते, जाते, पुन्हा येते. हा विनोद पुढे काय होतो ते बघाच. चेहऱ्यावर मुखवटा चढवणारा फिल्टर असतो ना, तो एकदा रिकाम्या हवेत जाऊन चिकटतो. तिथे कोणी नाही, पण सॉफ्टवेअरला चेहरा सापडलाय. हे आवाज बंद करूनही तितकंच थंडगार आहे. जमिनीवर पीठ टाकून पावलं उमटतात का बघायची जुनी युक्तीही आहे. ‘पॅरानॉर्मल’मध्ये तीच पावडरीने केली होती. घरोघरी सापडणारं, फुकटात पडणारं भूत.

आवाजाची करामत अशी की, व्हिडिओ कॉलवर एक जण बोलला की दुसऱ्याचा आवाज गिळला जातो, हे आपल्याला सवयीने माहीत आहे. त्यामुळे एखादी ओरडते आणि तिच्या मागचा खडखड अर्धाच ऐकू येतो, तेव्हा उरलेला आपण मनात पुरा करतो. संगीत जवळपास नाहीच. तुटणारं नेटवर्क, एको, चित्र गोठणं, हे सगळं रोजचं वैतागवाणं सामान इथे पगारी नोकरीला ठेवलंय. पात्रांची ओळख घाईत उरकलीय, दोघी जणी मला शेवटपर्यंत वेगळ्या ओळखू आल्या नाहीत. चालतं तेवढं.

हा टीव्हीवर बघू नका. लॅपटॉपवर, पूर्ण पडदा करून, हेडफोन लावून बघा, एरवी कॉल घेता तिथेच. मी तसाच पाहिला. फुकट कॉलची वेळ संपत आल्याची सूचना येते, कॉल तुटतो, श्रेयनामावलीसुद्धा कॉलच्या खिडकीतच उलगडते. ती संपल्यावर मी माउस हलवत बसले होते, लाल ‘बाहेर पडा’चं बटण कुठे दिसेना म्हणून.