बाहेरच्या कार्ब्युरेटरवर ८ महिने: माझा अनुभव

माझ्या १५० सीसी मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त उघडणारा सरकता तुकडा, झिजली होती. आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिन चालू राहण्याचा वेग) कितीही जुळवलं तरी सिग्नलला गाडी बंद पडायची. मूळ पार्ट मिळेना, म्हणून बाहेरचा, दुसऱ्या कंपनीचा, घ्यायचं ठरवलं आणि पहिल्याच निवडीत चुकलो.

मूळच्याचा घसा, म्हणजे हवा जाण्याची वाट, २६ मिमीचा होता, मी २८ चा आणला. घसा मोठा म्हणजे ताकद जास्त, असं वाटलं होतं. पण पेट्रोल जेटमधून (बारीक छिद्राच्या तुकड्यातून) वर येतं ते घशातून वेगाने जाणाऱ्या हवेच्या ओढीने. घसा मोठा केला की कमी आरपीएमला हवा मंदावते, ओढ कमी पडते. त्यामुळे थ्रॉटल पटकन उघडला की गाडी क्षणभर गुदमरायची आणि मग झटका देऊन सुटायची. गर्दीत हे धोक्याचंच. जेट बदलून पाहिले, फारसा फरक पडला नाही. तीन आठवड्यांत तो काढला आणि दुसरा, २६ मिमीचाच बसवला.

हाही बसवला आणि निघालो असं झालं नाही. आयडलिंग आपोआप चढायचं, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम हळूहळू उतरायचा. दोन दिवस पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा छोटा जेट) साफ करत बसलो. दोष निघाला इंजिनाकडच्या रबरी मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) बारीक चिरेत, तिथून हवा ओढली जात होती. नवा कार्ब्युरेटर लावताना हे रबर आणि गॅस्केट बदलाच.

मग जेट. मिकुनी आणि केहिन या कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कंपन्या. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या जेटवरचा) आकडा पेट्रोलच्या प्रवाहावरून असतो, केहिनचा छिद्राच्या व्यासावरून. म्हणून एकाचा १०० आणि दुसऱ्याचा १०० सारखे धरू नयेत. नकली जेटवरच्या आकड्यांवर तर माझा अजिबात भरवसा उरलेला नाही. मी सोबत आलेले फेकून चांगले घेतले. पुढचं स्पार्क प्लगनेच सांगितलं. आधी टोक पांढरट, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त). मेन जेट एक नंबर वाढवला, स्लाइडला लटकणाऱ्या सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली (त्याने सुई वर येते आणि पेट्रोल जास्त जातं) आणि टोकाला फिकट तपकिरी रंग धरला.

पिकअप आता मूळच्याइतकाच आहे. ॲव्हरेज लिटरमागे ४६ वरून ४३ वर आलंय, आणि ते मला मान्य आहे. थंड सकाळी चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ ठेवावा लागतो.

पाचव्या महिन्यात मात्र फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणारी, वेगळी सुई) नीट बसेना. रात्रभर गाडी उभी राहिली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकायचं, म्हणून पेट्रोल कॉक आठवणीने बंद करायचो. हा कार्ब्युरेटर प्रचलित नमुन्याचा असल्याने सुई आणि सीट लगेच मिळाली, अर्ध्या तासात काम झालं. जेट, सुई, फ्लोट सुटे मिळतात का, हे मी घेण्याआधी विचारलं होतं म्हणून वाचलो. आधीच्या २८ वाल्याची सुई मला कुठेच दिसली नव्हती.